तिसऱ्या घंटेच्या आत

आई वृद्धनिवासात राहायला गेल्यापासून धाकटी तिथल्या फोनला घाबरायची. नंबर दिसताक्षणी हातातलं काम सुटायचं आणि 'हॅलो'च्या जागी तोंडातून निघायचं, "पडली का?" आई दोनदा खरंच पडली होती. पहिल्यांदा मनगटावर निभावलं, दुसऱ्यांदा भुवईवर टाके पडले. या वेळी मात्र फोन ताईला गेला होता आणि ताईने आलेला निरोप जसाच्या तसा पुढे वाढला.

"आईला वर हलवायचं म्हणतायत. शुक्रवारी आपल्याला बोलावलंय. हो म्हणायचं, नाहीतर आपली सोय आपण बघायची."

'वर' म्हणजे निवासाचा वरचा मजला. धाकटी तिथे एकदाच चुकून गेली होती. लिफ्टचं बटण चुकलं आणि दार उघडलं ते एका लांबलचक शांततेत. भिंतीला लागून खुर्च्या, प्रत्येक खुर्चीला पुढून एक फळी. जेवणाचं ताट ठेवायला, असं सांगत. पण जेवण उरकल्यावरही ती फळी तशीच असायची आणि बसलेल्याला ती उचलता येत नसे. खुर्च्यांतली माणसं स्वच्छ होती, केस विंचरलेले होते. लिफ्टचं दार उघडलं तेव्हा एकानेही मान वर केली नव्हती.

"मी नाही हो म्हणणार," धाकटी म्हणाली.

"मग घेऊन जा तुझ्या घरी. चौथा मजला, लिफ्ट नाही, आणि तू दिवसभर चष्म्याच्या दुकानात." ताई चिडलेली नव्हती, थकलेली होती. "तुझ्या मायेने तिचं हाड वाचणार आहे का? वर निदान पडणार तरी नाही."

धाकटीने दुकानातून रजा काढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच निवासात जाऊन बसली. पडण्याआधी आई खुर्चीतून का उठते, एवढंच तिला बघायचं होतं.

मजल्याच्या इन्चार्ज मॅडम बुटक्या, नीटनेटक्या, आणि बोलताना वाक्य अर्धं सोडून न देणाऱ्या होत्या. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. "तुमच्या आई अचानक उठतात आणि चालायला लागतात. कारण सापडत नाही. पोट साफ आहे, पाणी पितात, कुठे दुखत नाही, सगळं तपासून झालंय. म्हणून तर मी त्यांना मागच्या महिन्यात पहिल्या खोलीत आणलं, माझ्या टेबलाच्या अगदी समोर. डोळ्यांसमोर असाव्यात म्हणून. तर तिथे आल्यापासून जास्तच उठायला लागल्या. आता मी काय करू, सांगा."

त्या खरंच विचारत होत्या. हा टोमणा नव्हे, हे धाकटीला कळलं आणि त्यामुळे तिला आणखीच अवघडल्यासारखं झालं.

आई दारातल्या खुर्चीत बसली होती. चालायचा वॉकर हाताशी. तिने धाकटीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"नवीन आलीस?"

"हो," धाकटी म्हणाली. वर्षभरात ती एवढं शिकली होती की आईशी वाद घालून आई परत मिळत नाही.

"खुर्ची पुढे घे. टेकून बसलीस की हात पोचत नाही."

धाकटीने खुर्ची पुढे घेतली. अशी वाक्यं तिने खूप ऐकली होती आणि 'आईचं काहीतरी असतं' म्हणून सोडून दिली होती.

समोर इन्चार्ज मॅडमचं टेबल, आणि टेबलामागच्या भिंतीवर एक फळा. फळ्यावर खोल्यांचे आकडे, आकड्याखाली बारीक दिवे. कुणी पलंगाजवळचं बटण दाबलं की इथे दिवा लागायचा आणि बझर वाजायचा, टर्रर्र. थोडा थांबून पुन्हा, टर्रर्र. मदतनीस बायका जाता-येता टेबलावरची कळ दाबून आवाज बंद करत. खोलीत जाऊन येईपर्यंत दिवा मात्र पेटलेला राही. पहिला तासभर तो आवाज धाकटीच्या डोक्यात घण घालत होता. नंतर तो ऐकू येईनासा झाला. घरातल्या पंख्याचा आवाज ऐकू येत नाही, तसा. त्या मजल्यावर काम करणाऱ्या सगळ्यांचं तेच झालं असणार.

आईचं तेवढं झालं नव्हतं.

धाकटीच्या आधी लक्षात आला तो आईचा हात. तो मधूनच कानाकडे जायचा आणि कानावरून काहीतरी वर सरकवायचा. केस सावरतेय, असं तिला वाटलं. पण आईचे केस आता कानापर्यंत येतच नव्हते. मग मान ताठ व्हायची. मग ती उठायची.

ती उठली की मजल्यावर धावपळ व्हायची. 'वादळ' म्हणून जिला सगळे ओळखत ती मदतनीस हातातली चादर टाकून आली. "बसा, आजी. कुठे निघालात? बाजाराला?"

"लाइन पडून आहे," आई म्हणाली.

"राहू दे पडून. तुम्ही पडू नका म्हणजे मिळवलं." वादळने तिला अलगद बसवलं, धाकटीकडे बघून खांदे उडवले आणि ती गेली. आई बसली खरी, पण तिची नजर फळ्यावरच्या पेटलेल्या दिव्यावरून हलेना. पुन्हा हात कानाकडे. पुन्हा उठायची तयारी.

आत्तापर्यंत धाकटीनेही तेच केलं होतं, जे सगळे करत होते. आई उठली की तिला बसवायची. या वेळी तिने बसवलं नाही. ती आईच्या मागोमाग निघाली, पडलीच तर धरता येईल इतक्या अंतरावर.

आई वॉकर ढकलत कॉरिडॉरमधून गेली. इकडे तिकडे बघितलं नाही, चुकली नाही. भटकणारा माणूस असा चालत नाही. एका दारापाशी ती थांबली. दारावरचा दिवा पेटलेला होता. आत खिडकीजवळ एक वाळका म्हातारा पलंगावर आडवा होता. मजल्यावर त्याला शिंपीकाका म्हणत, कारण जन्मभर त्याने शिवणकाम केलं होतं आणि अजूनही समोर येईल त्याचं माप तो नजरेनेच घ्यायचा.

आई दारात ताठ उभी राहिली आणि धाकटीने कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता अशा स्वच्छ, गोड, कामाच्या आवाजात म्हणाली, "बोला. काय हवंय?"

"पाणी, बाई," शिंपीकाका म्हणाला. "ग्लास तिकडे सरकलाय. हात पुरत नाही."

आई धाकटीकडे वळली. "जोडून दे."

धाकटीने ग्लास उचलून त्याच्या हातात दिला, मान उचलायला मदत केली आणि पलंगाजवळचं बटण दाबून दिवा घालवला. तो प्यायला, ओठ पुसले आणि तिच्याकडे बघत म्हणाला, "तुमचा उजवा खांदा उतरलाय. पिशवी त्याच खांद्यावर घेता वाटतं." मग आईकडे हात करून, "या बाई अधूनमधून येतात. बऱ्याचदा अर्ध्या वाटेवरूनच परत नेतात त्यांना. हल्ली मी वाजवायचंच कमी केलंय. उगाच त्यांची परेड."

परत आल्यावर आई खुर्चीत बसली, पाठ टेकली आणि डोळे मिटले. फळ्यावर एकही दिवा पेटलेला नव्हता.

धाकटी तिथेच उभी राहून हसायला लागली. हसता हसता तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. वादळने लांबून विचारलं, "काय झालं?" आणि तिला सांगता येईना.

काय झालं ते साऱ्या घराला जन्मभर माहीत होतं. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. लग्नाआधी होती, लग्नानंतर होती, दोन्ही मुली झाल्यावरही होती. कानाला हेडफोन, समोर दिव्यांचा बोर्ड, हातात वायरी. त्यांच्या सुपरवायझर बाईंचा एकच नियम होता, घंटा तिसऱ्यांदा वाजता कामा नये. तो नियम आईने घरी आणला. घरातला फोन कधी तिसऱ्यांदा वाजलाच नाही. न्हाणीघरातून ती साबणाच्या हातांनी पळत यायची. बाबा म्हणायचे, "अगं, जग बुडत नाही." त्यावर ती म्हणायची, "दोन घंटांपर्यंत माणूस वाट बघतो. तिसरीला एकटा पडतो." मुलींनी या वाक्याची इतकी नक्कल केली होती की त्याचा अर्थच झिजून गेला होता.

आणि अशा बाईला, तिच्यावर लक्ष राहावं म्हणून, दिवे लागणाऱ्या आणि बझर वाजणाऱ्या बोर्डासमोर आणून बसवलं होतं. दिवसभर तिच्यासमोर घंटा वाजत होत्या आणि कुणी उचलत नव्हतं.

शुक्रवारी दोघी बहिणी मॅडमच्या केबिनमध्ये बसल्या. धाकटीने सगळं सांगितलं. मॅडमनी मध्ये तोंड घातलं नाही. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे आमच्या बायका घंटा घेत नाहीत, असं तुमचं म्हणणं."

"मी आईबद्दल बोलतेय."

"दोन्ही एकच आहे." मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. "सकाळी सगळ्यांना एकदम उठायचं असतं. आमच्याकडे हात मोजके. ज्याचं अडलंय त्याच्याकडे आधी जावं लागतं. ज्याला फक्त खिडकी उघडून हवी आहे, तो थांबतो. थांबतो म्हणजे, वाजवत राहतो."

ताई पुढे सरकली. तिला गोष्टीत रस नव्हता, उपाय हवा होता. "मग सोपं आहे. तिला घंटा ऐकू येणार नाही अशा खोलीत ठेवा."

कॉरिडॉरच्या टोकाला तशी एक खोली होती. मॅडमनी वर हलवण्याचा विचार पुढच्या शुक्रवारपर्यंत लांबवला आणि त्याच दुपारी आईचं सामान टोकाच्या खोलीत गेलं.

औषध लागू पडलं. आई उठायची थांबली. रविवारी ताईने फोन करून सांगितलं, "बघ, एकदाही उठली नाही. उगाच आपण जिवाला घोर लावून घेतला होता." सोमवारी दोघी मिळून भेटायला गेल्या.

खोली छान होती. मोठी खिडकी, बाहेर झाड, बझरचा आवाज मुंगीच्या पावलांइतका. आई खुर्चीत बसली होती. दुपारचं जेवण पुढे तसंच होतं. "नवीन आलीस?" असं तिने धाकटीला विचारलं नाही. काहीच विचारलं नाही. धाकटीला लिफ्टचं दार उघडल्यासारखं वाटलं. वरच्या मजल्याची ती शांतता फळी न लावताच इथे येऊन बसली होती.

ती ताईला हे बोलणार नव्हती. बोलली असती तर भांडण झालं असतं. आई पडली नव्हती, हे खरंच होतं. म्हणून तिने सूप भरवायला चमचा उचलला.

ताई मात्र आईच्या हातांकडे बघत होती. मांडीवरच्या पांघरुणाच्या काठाला दशा होत्या. आई एक दशी चिमटीत धरायची, ओढायची, जरा पुढे नेऊन पांघरुणात खोचायची. मग कानाला हात लावून थांबायची. कुणी बोलत नव्हतं. मग ती दशी सोडून दुसरी उचलायची.

ताई बराच वेळ बघत राहिली. मी थोरली, म्हणून एक्स्चेंजमध्ये आईबरोबर मी जायचे, असं ती लहानपणी धाकटीला मिरवून सांगायची. सुट्टीच्या दिवशी आईच्या स्टुलामागे बसून तिने हे हात तासन्‌तास पाहिले होते.

"ही वायरी लावतेय," ताई म्हणाली. "आणि पलीकडे कुणी नाहीये." तिने पर्स उचलली. "ऊठ. मॅडमकडे चल."

"काय सांगायचं?"

"हिला बोर्ड द्या म्हणायचं. खोलीतून लांबून बघायला नाही. बोर्डाजवळ. टेबलाला खुर्ची लावून."

मॅडमनी ऐकून घेतलं आणि आधी नाहीच म्हणाल्या. असं कुठे कुणाला बसवत नाहीत, नियमात नाही. मग स्वतःच म्हणाल्या, "बसवू नये असंही नियमात नाही, म्हणा." त्या हिशेबी बाई होत्या. शुक्रवारपर्यंत बघू, म्हणाल्या.

पहिल्या दिवशी तंटाच झाला. आई टेबलाशी बसली, दिवा लागला, बझर वाजला, आणि आईने समोरून जाणाऱ्या वादळला हाक मारली, "सहा नंबर." वादळच्या दोन्ही हातांत ओले टॉवेल होते. "आले हो." ती गेली नाही. टर्रर्र. "सहा नंबर," आई म्हणाली आणि टेबलाला रेटा देऊन उठायला लागली. धाकटीने तिच्या कमरेला हात घातला.

वादळ भडकली. "मॅडम, मला हातच दोन आहेत. एकीला अर्धी अंघोळ घालून ठेवलीय. आता आजी माझ्या सुपरवायझर का?"

मॅडम काही बोलायच्या आत आईच बोलली. नव्या मुलीला शिकवावं तशी. "लाइन मोकळी नसली तर सांगायचं. लाइन धरा म्हणायचं. गप्प नाही राहायचं."

वादळने टॉवेल खांद्यावर टाकले. सहा नंबरच्या दारात डोकं घालून ती ओरडली, "काका, अंघोळ उरकून येते, लाइन धरा." आतून कुणीतरी बरं म्हणालं. बझर थांबला नाही, पण आई बसली. तिने फळ्यावरच्या सहाकडे बोट दाखवून स्वतःशीच मान हलवली, नोंद घेतल्यासारखी.

मॅडमनी हे बघितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आवाज बंद करायच्या कळीवर चिकटपट्टी लावली. बायका कुरकुरल्या. मग त्यांच्या ध्यानात आलं की दारातून नुसतं 'लाइन धरा' म्हणून गेलं तरी माणूस पुन्हा बटण दाबत नाही. आधी एकाच खिडकीसाठी चारदा बझर वाजायचा, कारण आतल्याला कळतच नसे की बाहेर कुणी ऐकलंय की नाही. गुरुवारी दुपारी वादळ टेबलाशी टेकून म्हणाली, "आज पायांना आराम आहे." मग आवाज खाली आणून, "आजींना सांगू नका. डोक्यावर चढून बसतील."

"ऐकलं मी," आई म्हणाली.

शिंपीकाकाची घंटा परत वाजू लागली. बऱ्याचदा काही नको असायचं. वादळ गेली की तो तिचं माप सांगायचा.

शुक्रवारी केबिनमध्ये मॅडमनी फार शब्द खर्च केले नाहीत. "वर नेत नाही त्यांना. त्या पडणार नाहीत असं मी म्हणणार नाही. या मजल्यावरचा माणूस कधी ना कधी पडतोच. पण आता त्या का उठतात ते मला ठाऊक आहे. तेवढं पुरे." मग दाराकडे जाताजाता, "एक सांगते. कुणी भेटायला आलं की मला विचारतं, जेवण कसं, डॉक्टर कितीदा येतो, खोल्या कशा आहेत. घंटा वाजल्यावर काय होतं, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. मीही विचारलं नव्हतं."

बाहेर पडल्यावर ताई फाटकापाशी थांबली. रुमालाने नाक पुसलं. "मी हो म्हणायला निघाले होते," ती म्हणाली.

"बोर्ड तूच म्हणालीस," धाकटी म्हणाली. "चल, चहा पाज. थोरली आहेस."

"मी थोरली असल्याचा एवढाच फायदा घे."

संध्याकाळी धाकटी घरी भांडी आवरत होती. फोन ओट्यावर होता. किती दिवसांनी तो नुसताच फोन होता. तिने हात पुसले आणि स्वतःच निवासाचा नंबर लावला, त्या मजल्यावरच्या टेबलावरच्या फोनचा.

एक घंटा झाली. दुसरी अर्धीच राहिली.

"बोला," आई म्हणाली. "कोण हवंय?"

धाकटी म्हणाली, "माझी आई हवी होती."

"लाइन धरा."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग बझर, टर्रर्र, आणि आईचा आवाज, "चार नंबर," आणि लांबून कुणाचं तरी, "आले, आले." पावलं. एक दार. कुणीतरी हसलं.

धाकटीने स्पीकर चालू केला, फोन ओट्यावर ठेवला आणि उरलेली भांडी घासायला घेतली. घाई नव्हती. लाइन चालू होती.